विश्लेषण : महासंगणकाचा वेग संशोधकाच्या टेबलापर्यंत का पोहोचत नाही?

महासंगणकाचे लोकार्पण होते तेव्हा दोन आकडे आवर्जून सांगितले जातात. तो सेकंदाला किती गणिते करतो आणि त्याची साठवण क्षमता किती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील (आयआयटीएम) ‘अर्क’ हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हाही ११.७७ पेटाफ्लॉप्स आणि ३३ पेटाबाइट हे दोन आकडे सरकारी पत्रकात होते. तिसरा आकडा मात्र अशा कार्यक्रमांत सहसा कोणी विचारत नाही. साठवलेला डेटा वापरणाऱ्याच्या संगणकावर किती वेगाने आणि जसाच्या तसा पोहोचतो? याचे उत्तर डिस्कच्या संख्येत नसते. ते ‘क्लायंट’ नावाच्या एका दुर्लक्षित सॉफ्टवेअरमध्ये असते. हे सॉफ्टवेअर एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेणे म्हणजे काय, त्याचा वेग मोजताना फसगत कशी होते आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

समांतर फाइल सिस्टीम म्हणजे काय?

मोठ्या पंगतीत एकच वाढपी असेल, तर स्वयंपाकघरात कितीही अन्न तयार असले तरी पाने रिकामीच राहतात. दहा वाढपी वेगवेगळ्या रांगा धरून निघाले की पंगत वेळेत उठते. समांतर फाइल सिस्टीमचे तत्त्व हेच आहे. एखादी मोठी फाइल एका डिस्कवर न ठेवता तिचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर पसरवले जातात. फाइल वाचायची झाली की सगळे सर्व्हर आपापला तुकडा एकाच वेळी देतात.

या प्रकारातील सर्वाधिक परिचित नाव म्हणजे ‘लस्टर’. १९९९ मध्ये पीटर ब्राम यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तो संशोधन प्रकल्प म्हणून सुरू केला. लिनक्स आणि क्लस्टर या दोन शब्दांच्या जोडणीतून हे नाव बनले. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती २००३ च्या डिसेंबरमध्ये आली. पुढे सन, ओरॅकल, इंटेल अशा कंपन्यांच्या हातांतून प्रवास करत २०१८ मध्ये त्याच्या विकासाची मुख्य चमू ‘डीडीएन’ या साठवण क्षेत्रातील कंपनीकडे आली. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतील ‘फ्रंटियर’ महासंगणकाची ‘ओरायन’ ही साठवण यंत्रणा लस्टरवरच चालते. आयबीएमची ‘जीपीएफएस’ (आताचे नाव ‘स्टोरेज स्केल’), ‘ऑरेंजएफएस’ आणि ‘सेफ’ हे याच कुळातले इतर सदस्य.

लस्टरमध्ये तीन भाग असतात. फाइलचे नाव, मालक, परवानग्या आणि तिचे तुकडे कुठे आहेत याची नोंदवही सांभाळणारा ‘मेटाडेटा सर्व्हर’. प्रत्यक्ष तुकडे सांभाळणारे ‘ऑब्जेक्ट सर्व्हर’. आणि वापरकर्त्याच्या यंत्रावर चालणारा क्लायंट.

क्लायंटला एवढे महत्त्व कशासाठी?

कारण सगळी जुळवाजुळव क्लायंट करतो. तो आधी नोंदवही पाहून तुकड्यांचा पत्ता मिळवतो, मग प्रत्येक ऑब्जेक्ट सर्व्हरशी थेट बोलतो, आलेले तुकडे योग्य क्रमाने लावतो आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रामला एक अखंड फाइल दाखवतो. पुढे काय वाचले जाईल याचा अंदाज बांधून तो काही भाग आधीच मागवून ठेवतो. एकाच फाइलमध्ये दोन यंत्रे एकाच जागी लिहू लागली, तर कोणाचे कुलूप आधी हेही त्यालाच पाळावे लागते. एखादा सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर अर्धवट राहिलेली कामे पुन्हा पाठवण्याची जबाबदारीही त्याचीच.

म्हणजेच सर्व्हरच्या बाजूला शंभर यंत्रे असली तरी वापरणाऱ्याला दिसणारा वेग हा त्याच्या यंत्रावरील क्लायंटच्या हुशारीइतकाच असतो. क्लायंट ढिसाळ असेल, तर कोट्यवधी रुपयांची साठवण त्या टेबलापुरती साध्या डिस्कसारखी वागते. आणि क्लायंट चुकीचा असेल, तर त्याहून वाईट घडते. आकडे वेगाने येतात, पण चुकीचे येतात.

सगळे महासंगणक लिनक्सवर चालतात, मग प्रश्न कुठे आहे?

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. त्यामुळे क्लायंट फक्त लिनक्ससाठी असला तरी पुरे, असे म्हणण्याचा मोह होतो. महासंगणकाच्या खोलीपुरते ते खरेही आहे.

पण डेटा त्या खोलीत जन्मतो किंवा तिथेच संपतो, असे नाही. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या महागड्या उपकरणांना जोडलेले नियंत्रण संगणक बहुधा विंडोजवर चालतात. त्यातून निघणाऱ्या प्रतिमा महासंगणकाकडे पाठवायच्या असतात. दुसऱ्या टोकाला, हवामानाच्या प्रारूपाने काढलेले नकाशे पाहणारा संशोधक विंडोज किंवा मॅकवर बसलेला असतो. चित्रपटांच्या उत्तरनिर्मितीतही हेच चित्र दिसते. मधली गणिते लिनक्सवर होतात आणि दोन्ही टोके दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर असतात.

साधा हिशेब पाहू. कार्यालयातील सर्वसाधारण १ गिगाबिट जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. १ टेराबाइट डेटा आणायला ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. १० गिगाबिट जोडणी दिली तर हे काम कागदावर सव्वातेरा मिनिटांत व्हायला हवे. प्रत्यक्षात ते किती वेळात होते, हे क्लायंटवर ठरते.

क्लायंट दुसऱ्या सिस्टीमवर नेणे इतके अवघड का?

साधा प्रोग्राम एका सिस्टीमवरून दुसरीवर नेणे आणि फाइल सिस्टीमचा क्लायंट नेणे यात मोठा फरक आहे. क्लायंट ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो. लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस यांच्या गाभ्याची घडणच वेगळी आहे. स्मृतीची पाने कशी वाटायची, फाइल उघडली म्हणजे नेमके काय झाले, ती बंद केव्हा झाली असे मानायचे, याचे नियम प्रत्येकाचे निराळे. शिवाय विंडोजच्या गाभ्यात शिरणाऱ्या सॉफ्टवेअरवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी लागते. ॲपलने तर २०१९ पासून गाभ्यात बाहेरचे भाग बसवणे टप्प्याटप्प्याने नकोसे करत आणले आहे.

त्याहून कठीण भाग अर्थाचा आहे. लिनक्समध्ये एखादी फाइल कोणी वाचत असतानाही दुसरा ती पुसू शकतो. वाचणाऱ्याचे काम संपेपर्यंत मजकूर टिकून राहतो. विंडोजमध्ये उघडी फाइल पुसायला गेले की बहुधा नकार मिळतो. लिनक्सला ‘अहवाल’ या नावाची इंग्रजी लिपीतील मोठ्या आणि छोट्या अक्षरांतली रूपे म्हणजे दोन वेगळ्या फाइली वाटतात, विंडोजला ती एकच वाटते. या फरकाची किंमत वेगातही मोजावी लागते. लाखभर फाइलींच्या फोल्डरमध्ये विंडोजच्या पद्धतीने नाव शोधायचे, तर क्लायंटला कधी कधी सगळी यादीच चाळावी लागते. लिनक्सवर तेच काम एका थेट प्रश्नात होते.

आणखी एक बारकावा. विंडोजमध्ये फोल्डरमधील यादी मागितली की प्रत्येक नावाबरोबर फाइलचा आकारही द्यावा लागतो. लस्टरच्या मूळ रचनेत फाइलचा अचूक आकार नोंदवहीत नसतो, तो तुकडे सांभाळणाऱ्या सर्व्हरांना विचारून काढावा लागतो. त्यामुळे विंडोजवर फोल्डर नुसते उघडणे म्हणजे प्रत्येक फाइलसाठी अनेक सर्व्हरांचे दार ठोठावणे ठरू शकते. डिस्क, जाळे, सर्व्हर यांपैकी कशातही दोष नसताना फोल्डर उघडायला मिनिटे लागतात, त्यामागे अनेकदा असे कारण असते.

फाइलच्या नावातही अडचण येऊ शकते?

येते, आणि मराठी वापरकर्त्याला ती अधिक जाचते. हवामानाच्या ‘डब्ल्यूआरएफ’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रारूपाच्या फाइलींच्या नावात तारीख आणि वेळ असते. तास, मिनिटे, सेकंद यांच्यामध्ये कोलन (:) हे चिन्ह येते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात हे चिन्ह चालत नाही. म्हणजे मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पावसाचा अभ्यास लिनक्सवर केला, तर त्याची फाइल विंडोजच्या क्लायंटला त्याच नावाने दाखवताच येत नाही. डब्ल्यूआरएफमध्ये हे चिन्ह टाळण्याची सोय आहे, पण ती आधीच माहीत असावी लागते.

आता मराठी नाव घेऊ. ‘वाऱ्याची नोंद’ अशी फाइल केली. यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एक संकेतांक वापरून किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ॲपलची जुनी ‘एचएफएस प्लस’ फाइल सिस्टीम अशी अक्षरे फोडून ठेवत असे. लिनक्सला मात्र नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘वाऱ्याची नोंद’ नावाच्या दोन वेगळ्या फाइली राहू शकतात आणि शोधणाऱ्याला त्यातली भलतीच मिळू शकते किंवा एकही मिळत नाही.

लांबीचेही तसेच. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटांची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘वाऱ्याची’ या एकाच शब्दाला २४ बाइट लागतात. म्हणजे देवनागरी नाव ८५ संकेतांकांपलीकडे जाऊ शकत नाही. विंडोजची मर्यादा २५५ एककांची असून देवनागरीचा एक संकेतांक तिथे एकच एकक घेतो. विंडोजवर सहज मावलेले लांबलचक मराठी नाव लिनक्सच्या साठवणीवर नाकारले जाते, ते यामुळे. केवळ इंग्रजी नावांवर क्लायंट तपासून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारणाऱ्या चाचणीत यातले काहीच सापडत नाही.

आजवर प्रयत्न झाले नाहीत का?

झाले. जीपीएफएस १९९८ मध्ये आयबीएमच्या ‘एआयएक्स’वर आली, २००१ मध्ये लिनक्सवर आणि २००८ मध्ये विंडोज सर्व्हरवर पोहोचली. ऑरेंजएफएसनेही विंडोजसाठी क्लायंट दिला. सेफसाठी ‘डोकनी’ या साधनाच्या आधारे विंडोजवरचा क्लायंट उपलब्ध झाला. हे साधन फाइल सिस्टीमचे काम गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्राममध्ये करू देते. त्यामुळे बांधणी सोपी होते, चूक झाली तरी सगळे यंत्र कोसळत नाही. मात्र प्रत्येक मागणीला गाभ्यातून बाहेर आणि बाहेरून पुन्हा आत अशी फेरी पडते. मोठ्या सलग फाइलींना ती फारशी जाणवत नाही, छोट्या छोट्या हजारो फाइलींना जाणवते.

लस्टरच्या सांकेतिक मजकुरातही एकेकाळी विंडोज आणि ॲपलच्या ‘डार्विन’ गाभ्यासाठी स्वतंत्र भाग होते. ते पुढे काढून टाकले गेले. त्याहून बोलका अनुभव खुद्द लिनक्समधला आहे. लस्टरचा क्लायंट २०१३ मध्ये लिनक्स कर्नलच्या ३.११ या आवृत्तीत उमेदवारीच्या विभागात घेतला गेला. तिथे तो सुधारून मुख्य भागात जाईल अशी अपेक्षा होती. पण लस्टरचा खरा विकास कर्नलबाहेर स्वतंत्रपणे चालूच राहिला, कर्नलमधली प्रत मागे पडत गेली आणि २०१८ मध्ये ४.१८ या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. पाच वर्षांची खटपट वाया गेली, कारण तंत्राबरोबर सांभाळही एका जागी असावा लागतो, ही अट पाळली गेली नाही. उलट ऑरेंजएफएसचा क्लायंट २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीपासून कर्नलचा भाग झाला.

मग मध्ये एक गेटवे ठेवला तर?

बहुतेक संस्था तेच करतात. एका लिनक्स यंत्रावर खरा क्लायंट चालवायचा आणि ते यंत्र विंडोज-मॅकवाल्यांना ‘सांबा’ किंवा ‘एनएफएस’मार्फत फाइली देणार. वापरणाऱ्याच्या यंत्रावर नवे काही बसवावे लागत नाही, ही मोठी सोय. पण पंगतीत पुन्हा एकच वाढपी उरतो. १० गिगाबिट जोडणीच्या एका गेटवेवर २० संशोधक एकाच वेळी आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जास्तीत जास्त ६२.५ मेगाबाइट येतात. मग १ टेराबाइटला जवळपास साडेचार तास. मागे ३३ पेटाबाइट असोत की ३३ टेराबाइट, हा आकडा बदलत नाही. दोन गेटवे ठेवले, तर एकाच फाइलला दोघांकडून वेगवेगळी कुलुपे लागू नयेत म्हणून आणखी एक यंत्रणा सांभाळावी लागते.

तरीही गेटवे सरसकट वाईट ठरवता येणार नाही. लस्टर पूर्वापार क्लायंटवर विश्वास ठेवत आला आहे. ‘मी अमुक वापरकर्ता’ असे क्लायंट यंत्राने सांगितले की सर्व्हर ते मानतो. कुलूपबंद खोलीतील यंत्रांसाठी हे ठीक होते. पण ज्या लॅपटॉपवर मालकाला पूर्ण अधिकार आहेत, तिथे खरा क्लायंट बसवला तर तो कोणाचेही नाव सांगू शकतो. त्यावर केर्बेरॉससारखी ओळखपडताळणी आणि ‘नोडमॅप’ यांसारखे उपाय आहेत, पण ते जाणीवपूर्वक लावावे लागतात. म्हणून नुसते निकाल पाहणाऱ्यांसाठी गेटवे आणि दररोज टेराबाइटांनी डेटा ओतणाऱ्या उपकरणांसाठी, बंदिस्त जाळ्यात, खरा क्लायंट अशी विभागणी शहाणपणाची ठरते. मात्र ती अंदाजाने न करता मोजून करायला हवी.

वेगाचे आकडे कसे फसवतात?

पहिली फसगत स्मृतीची. यंत्रात ६४ गिगाबाइट स्मृती असेल आणि ३२ गिगाबाइटची फाइल लिहून लगेच वाचली, तर ती बव्हंशी स्वतःच्याच स्मृतीतून येते. जाळे आणि सर्व्हर यांना पत्ताही नसतो. आकडा मात्र डोळे दिपवणारा. त्यामुळे चाचणीची फाइल स्मृतीच्या किमान दुप्पट असावी किंवा एका यंत्राने लिहिलेली फाइल दुसऱ्याने वाचावी. ‘आयओआर’ या प्रचलित चाचणी प्रोग्राममध्ये यासाठी सोय आहे.

दुसरी फसगत ‘लिहिले’ या शब्दाची. प्रोग्रामने लिहिण्याची आज्ञा दिली आणि सिस्टीमने ‘झाले’ म्हटले, याचा अर्थ मजकूर डिस्कवर टेकला असा नाही. तो टेकवण्याची आज्ञा वेगळी असते आणि तिचा अर्थही प्रत्येक सिस्टीमवर वेगळा. मॅकओएसवर नेहमीची ‘एफसिंक’ आज्ञा मजकूर डिस्ककडे सोपवते, पण डिस्कने तो आपल्या तात्पुरत्या स्मृतीतून कायमच्या जागी हलवलाच पाहिजे असे बंधन घालत नाही. त्यासाठी वेगळी, कडक आज्ञा द्यावी लागते. स्थानिक डिस्कशी तुलना करताना एकच चाचणी प्रोग्राम लिनक्सवर आणि मॅकवर जसाच्या तसा चालवला, तर दोन्ही यंत्रे वेगवेगळे काम करून एकाच रकान्यात आकडे भरत असतात.

तिसरी फसगत सरासरीची. सलग मोठी फाइल वाचण्याचा वेग आणि छोट्या फाइली उघडण्याचा वेग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, १० लाख छोट्या फाइली एकामागून एक उघडायच्या आहेत आणि प्रत्येकीसाठी सर्व्हरकडे १ मिलिसेकंदाची एक फेरी लागते. ती १,००० सेकंदांची, म्हणजे सुमारे १७ मिनिटांची गोष्ट. दुसऱ्या सिस्टीमवरचा क्लायंट प्रत्येक फाइलसाठी तीन फेऱ्या मारत असेल, तर तेच काम ५० मिनिटांवर जाते. जाळ्याची रुंदी दसपट केली तरी यात फरक पडत नाही.

या अनुभवांतूनच २०१७ मध्ये ‘आयओ ५००’ ही क्रमवारी सुरू झाली. तिच्यात सोयीची आणि गैरसोयीची अशा दोन्ही प्रकारची कामे करावी लागतात. गैरसोयीच्या चाचणीत ४७,००८ बाइटांचे, म्हणजे मुद्दाम कुठेच नीट न बसणारे तुकडे एका सामायिक फाइलमध्ये लिहायचे असतात. लिहिण्याचा टप्पा किमान ३०० सेकंद चालावा लागतो, म्हणजे स्मृतीच्या जोरावर धूळफेक करता येत नाही. ही शिस्त अनुकरणीय आहे. पण ही क्रमवारी साठवण यंत्रणेची आहे. आपल्या संस्थेतील विंडोजच्या यंत्राला काय मिळते, हे त्यातून कळत नाही.

दोन सिस्टीमची न्याय्य तुलना कशी करावी?

आधी अचूकता, मग वेग, हा क्रम उलटता कामा नये. नाव बदलणे, पुसणे, परवानग्या, एकाच वेळी दोघांनी लिहिणे, मध्येच जोडणी तुटणे या सगळ्यांत क्लायंट बरोबर वागतो का, हे आधी पाहायला हवे. ‘पीजेडीएफएसटेस्ट’सारखे तयार चाचणीसंच युनिक्सच्या नियमांसाठी आहेत. विंडोजसाठी त्यांच्या जोडीला वेगळ्या चाचण्या लागतील. कुलूप न पाळणारा क्लायंट नेहमीच अधिक वेगवान दिसतो, हे लक्षात ठेवावे.

मग एकेक पायरी मोजावी. आधी नुसत्या जाळ्याचा वेग, नंतर एका प्रोग्रामचा, नंतर एकाच यंत्रावरील अनेक प्रोग्रामांचा, शेवटी अनेक यंत्रांचा. असे केले की अडथळा नेमका कोणत्या पायरीवर आहे ते दिसते. यंत्रसामग्री तीच ठेवून केवळ ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी. साठवण सामायिक असल्याने तिच्यावरचा भार दिवसभर बदलत असतो. एका सिस्टीमची चाचणी रात्री आणि दुसरीची भर दुपारी केली, तर तुलना भाराची होते, क्लायंटची नाही. म्हणून दोन्ही चाचण्या आलटून पालटून, अनेकदा घ्याव्यात आणि सर्वोत्तम आकडा न छापता मधला आकडा व कमाल-किमान दोन्ही छापावेत.

लिनक्सवरून लिनक्सवर जाणे हेही स्थलांतरच?

होय, आणि याचा फटका सर्वाधिक बसतो. कर्नलबाहेर राहणारा क्लायंट प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ‘सेंटओएस ७’ या लोकप्रिय लिनक्स आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यावर उभ्या असलेल्या संस्थांना नवी सिस्टीम निवडताना ‘आपल्या फाइल सिस्टीमचा क्लायंट तिथे चालतो का’ हाच प्रश्न आधी विचारावा लागला. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर तर स्मृतीच्या पानाचा आकारही बदलतो. नेहमीच्या यंत्रांवर तो ४ किलोबाइट असतो, एआरएमवरील काही लिनक्स आवृत्त्यांत ६४ किलोबाइट. पान ४ किलोबाइटचेच असते असे गृहीत धरून लिहिलेला क्लायंट तिथे अडखळतो.

यात सुरक्षेचा धोका आहे. कर्नलमधील त्रुटी दुरुस्त करणारी नवी आवृत्ती आली तरी क्लायंट तिच्यासाठी तयार नसेल, तर संस्था जुन्या कर्नलवर अडकून राहते. मे २०२० मध्ये घुसखोरीमुळे ब्रिटनमधील ‘आर्चर’सह युरोपातील अनेक महासंगणकांना वापरकर्त्यांसाठी दारे बंद करावी लागली होती. अशा काळात ‘क्लायंट तयार नाही म्हणून दुरुस्ती थांबली आहे’ हे उत्तर कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

आपल्याकडे काय व्हायला हवे?

१९९१ च्या ‘परम ८०००’पासून महासंगणक बांधण्याचा अनुभव पुण्याच्या ‘सी-डॅक’कडे आहे. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनला मंजुरी मिळाली आणि देशभरातील शैक्षणिक संस्थांत यंत्रे बसू लागली. यंत्रे बांधण्याच्या टप्प्यावरून ती नीट वापरण्याच्या टप्प्यावर आपण आलो आहोत. त्यामुळे खरेदीची भाषाही बदलायला हवी.

निविदेत साठवणीचा एकूण वेग मागितला जातो. त्याबरोबरच ‘ठरावीक विंडोज, मॅक आणि लिनक्स यंत्रांवरून, ठरावीक कामांसाठी मिळणारा वेग’ ही अट असावी आणि स्वीकृतीच्या वेळी ती मोजूनच देयक मंजूर व्हावे. मोजणीच्या अटींसह हे आकडे जाहीर करावेत, म्हणजे पुढच्या संस्थेला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. चाचणीत देवनागरी आणि इतर भारतीय लिपींतील नावे सक्तीने असावीत, कारण ही चूक बाहेरचे कोणी आपल्यासाठी शोधून देणार नाही. क्लायंटमध्ये इथे केलेल्या दुरुस्त्या इथल्याच एखाद्या संगणकावर न ठेवता मूळ मुक्तस्रोत प्रकल्पाकडे पाठवाव्यात. लिनक्स कर्नलमधून लस्टर बाहेर पडण्याची कहाणी स्वतंत्र प्रती सांभाळण्याची किंमत दाखवते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कामासाठी माणसे लागतील. यंत्राच्या किमतीत क्लायंट सांभाळणाऱ्या दोन-चार अभियंत्यांचा पाच-सहा वर्षांचा पगार धरलेला नसेल, तर ती खरेदी अपुरी आहे. हे काम एकदा करून संपत नाही, दर नव्या आवृत्तीबरोबर ते पुन्हा येते. डिस्क वाढवण्यासाठी निधी मिळणे सोपे असते, कारण डिस्क दाखवता येते. क्लायंट दाखवता येत नाही. पण हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संशोधकाला नकाशा दहा मिनिटांत दिसणार की चार तासांनी, हे ठरते ते क्लायंटवरच. लोकार्पणाच्या पत्रकात हा तिसरा आकडा छापण्याची वेळ आता आली आहे.